जून व्हायच्या आत

मे महिन्याच्या २० तारखेच्या आसपास नाशिकमध्ये एक दुपार अशी येते की काठीला सावलीच उरत नाही. आपलं शहर २० अंश उत्तर अक्षांशाला अगदी लागून आहे. त्या दिवशी साडेबाराच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो आणि आमच्या गिलक्यांच्या मांडवाचा उभा बांबू आपली सावली बुडाशी गोळा करून उभा राहतो. तिथून पुढे जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. हे मी शाळेत शिकले होते, पण मला कळलं ते बागेत.

बागेच्या दक्षिणेला कंपाउंडची भिंत आहे. तिच्या पायथ्याच्या वाफ्यात हिवाळाभर सावली असते, मेथी-पालक तिथे निवांत वाढतात, म्हणून आम्ही त्याला थंड वाफा म्हणतो. मे उजाडतो तशी ती सावली आक्रसत आक्रसत भिंतीच्या मुळाशी जाते आणि एक दिवस नाहीशी होते. वर तापलेली भिंत रात्री उशिरापर्यंत गरम झळा टाकत राहते. पहिल्या वर्षी त्या वाफ्यातली कोथिंबीर दोन दिवसांत गेली. जागा थंड की गरम, हे ऋतू विचारल्याशिवाय सांगता येत नाही.

आमची बाग इंदिरानगरमधल्या एका कॉलनीच्या मोकळ्या भूखंडावर आहे. लेआउट पडताना सोडलेली ही जागा कित्येक वर्षं बांधकामाचं डबर आणि गाजरगवत सांभाळत होती. सहा वर्षांपूर्वी आम्ही १४ घरांनी मिळून ती साफ करायला घेतली. वरचे विटांचे तुकडे उचलून झाले तर खाली मुरूम, मुरमाखाली काळा खडक. गाळाची माती आणली, शेणखत आणलं, ९ वाफे झाले. तेव्हा एक प्रश्न निघाला होता: वाफे घरागणिक वाटून घ्यायचे का? तळमजल्यावरच्या आजींनी तो तिथेच मिटवला. "बांध घातला का भांडण आलं." त्या खानदेशातल्या, आयुष्य शेतात गेलेलं, मुलाकडे म्हणून सिडकोत आल्या आणि नंतर आमच्या कॉलनीत. तेव्हापासून सगळे वाफे सगळ्यांचे. प्रत्येक घराची दोन-दोन दिवसांची पाळी आणि खिळ्याला दोरीनं टांगलेली एक दोनशे पानी वही.

नाशिकमध्ये बसून भाजी पिकवायची काय गरज, असं मला अनेकांनी विचारलंय. खरंच आहे. इथला भाजीपाला रोज रात्री ट्रक भरभरून मुंबईला जातो. गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात पिशवी घेऊन गेलं तर दोघांचा आठवडा निघतो. बाहेरगावच्यांना सांगायला हवं, आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. आमच्या ९ वाफ्यांतून भर उन्हाळ्यात आठवड्याला फार तर आठ-दहा किलो भाजी निघते. १४ घरांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला एका वेळची. पैशाच्या हिशेबात ही बाग बसत नाही आणि मी ती बसवायलाही जात नाही. मला तिथे जे कळलं ते बाजारात कळलं नसतं.

उन्हाळ्यातल्या बागेचं काम म्हणजे नव्वद टक्के पाण्याचं काम. गंगापूर धरणात किती साठा उरला, याच्या बातम्या एप्रिलपासूनच यायला लागतात आणि पाणीकपात होणार का, एवढीच मे महिन्यात चर्चा असते. पिण्याच्या पाण्याचा एक थेंबही बागेला घालायचा नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. कॉलनीची बोअर आहे, पण मे महिन्यात ती वीस मिनिटं चालते आणि धापा टाकायला लागते. म्हणून घराघरातून तांदूळ-डाळ-भाजी धुतलेलं पाणी बादलीनं येतं. आमच्या जुन्या वाड्यात मोरीचं पाणी दगडी पन्हळीतून थेट परसातल्या अळूला आणि केळीला जायचं, त्यासाठी कुणी बादली उचलत नव्हतं. आता तिसऱ्या मजल्यावरून जिन्यानं पाणी उतरवावं लागतं. आम्ही उतरवतो.

त्यात खरा आधार दिला तो घागरींनी. आजींच्या घरी आखाजीला पितरांच्या नावानं घागर भरतात. दर अक्षय्य तृतीयेला नवी घागर येते, जुनी एक वर्षाची होऊन अडगळीत जाते. अशा जुन्या घागरी गोळा करून आम्ही वाफ्यांत गळ्यापर्यंत पुरल्या. तोंडावर परळ ठेवायचा, दोन-तीन दिवसांनी भरायची. माती कोरडी झाली की ती घागरीच्या भिंतीतून पाणी ओढून घेते, ओली असली की ओढत नाही. किती पाणी हवं ते झाडाच्या मुळांजवळची मातीच ठरवते, आपण फक्त घागर भरत राहायची. पहिल्या खेपेला मात्र चारपैकी दोन घागरी आठवडाभर भरलेल्याच राहिल्या आणि शेजारची मिरची माना टाकून बसली. वर्षभर बोअरचं जड पाणी भरून घागरीची छिद्रं क्षारांनी बुजली होती. उकरून काढल्या, काथ्यानं आणि लिंबाच्या पाण्यानं आतून-बाहेरून घासल्या, उन्हात तापवल्या, पुन्हा पुरल्या. तिसऱ्या दिवशी मिरची उभी.

आच्छादनासाठी आम्ही रसवंतीवाल्याकडून उसाची चिपाडं आणतो. उन्हाळ्यात त्याच्याकडे त्यांचा ढीग असतो आणि आपण नेतो म्हटलं की तोच पोत्यात भरून देतो. ती आणल्या आणल्या मातीवर पसरायची नाहीत. गोडीला मुंग्या येतात, म्हणून आधी दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवायची, मग चार बोटं जाडीचा थर द्यायचा. दुपारी दोन वाजता उघड्या मातीला हात लावून बघा आणि मग चिपाडाखाली बोटं घालून बघा. एका जागी चटका बसतो, दुसरीकडे ओल लागते, गांडुळाची विष्ठासुद्धा सापडते. ज्याला बागेची गोडी लावायची आहे त्याला मी व्याख्यान देत नाही, हेच करायला लावते.

फुलांचं मात्र बरंच शिकावं लागलं. गिलक्याचा वेल मांडवभर पसरला, पिवळ्या फुलांनी भरून गेला आणि तीन आठवडे एक गिलकं धरेना. कुणी म्हणे खत कमी, कुणी म्हणे नजर लागली. उन्हाचा कडाका आणि मोठा दिवस असला की या वेलांना नर फुलंच जास्त येतात, असं नंतर समजलं. मादी फूल ओळखायला सोपं, त्याच्या मागे करंगळीच्या पेराएवढं गिलकं आधीपासूनच असतं. गिलक्याचं फूल पहाटे उमलतं, दोडक्याचं संध्याकाळी. दोन्ही एकाच मांडवावर आहेत, त्यामुळे सकाळी साडेपाचला एका अर्ध्या भागात मधमाश्यांची गुणगुण असते आणि सूर्य कलल्यावर दुसऱ्या अर्ध्याला जाग येते. मी दोन्ही वेळा जाते. माझी पाळी नसली तरी जाते.

आता मुख्य सांगायचं आहे ते.

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात कॉलनी ओस पडली होती. शाळांच्या सुट्ट्या, लग्नं, गावच्या जत्रा. १४ पैकी ९ घरांना कुलूप आणि आजीही आखाजीला गावी गेलेल्या. सलग दहा दिवसांची पाळी मी अंगावर घेतली. एकही दिवस चुकवला नाही. उजाडायच्या आत पाणी घातलं, लाल कोळी दिसला तर पानांच्या पाठीमागे पाण्याचा फवारा मारला, शेडनेट सुटली होती ती बांधली. भाजी मात्र घरापुरती मूठभरच घेतली. बाकीची झाडावरच राहू दिली. सगळे परत येतील, सगळ्यांना मिळेल. माझ्या एकटीची थोडीच आहे? रोज सकाळी लोंबणाऱ्या शेंगा बघून मला समाधान वाटायचं की मी हे सगळं इतरांसाठी जपून ठेवलंय.

अकराव्या दिवशी आजी आल्या. सामान घरात टाकून थेट बागेत. भेंडीच्या वाफ्याजवळ बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एक भेंडी तोडून कानाजवळ हलवली.

"माय वं," त्या म्हणाल्या, "झाडाला म्हातारं केलंस की गं."

फूल मिटल्यापासून पाचव्या-सहाव्या दिवशी भेंडी खुडायची असते. आठव्या-नवव्या दिवशी ती दोऱ्यासारखी होते. हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते पुढचं. शेंगेत बी भरायला लागलं की झाडाला वाटतं, आपलं काम झालं. सगळा जोर त्या बियांकडे जातो, वरची नवी फुलं थांबतात, शेंडा आखडतो. गवारीचंही तेच, काकडीचंही तेच. मी दहा दिवस जी भाजी राखून ठेवत होते, ती राखल्यामुळेच पुढची भाजी येणं बंद पडलं होतं.

त्या सकाळी आम्ही दोघींनी दोन तास घालून सगळं खुडलं. जून भेंडी, दोरखंडासारखी गवार, पिवळ्या पडलेल्या काकड्या, एक घमेलं काठोकाठ भरलं. भेंडीच्या बारीक लवेनं माझे हात कोपरापर्यंत खाजत होते. आजी पुढे एक ओळ, मी मागे एक ओळ. "उद्या परत बघायचं. परवा परत. खुडलं का येतं." भेंडीला दहा-बारा दिवसांत पुन्हा फुलं लागली. गवार त्या वर्षी सावरली नाही.

घमेलं डोक्यावर घेऊन घरी येताना मी स्वतःलाच विचारत होते, हे मी का केलं? आळस नव्हता. अज्ञान थोडं होतं, पण इतकं नाही. मग आंघोळीला गेले आणि हात घासताना उत्तर सापडलं.

मी वाढले ती जुन्या नाशकात, तिवंध्याजवळच्या एका वाड्यात. सहा बिऱ्हाडं, एक परस. न्हाणीघराच्या कौलांवर गिलक्याचा वेल चढवलेला असायचा. बी कुणी लावलं, पाणी कुणी घातलं याला काही अर्थ नव्हता, वेल वाड्याचा होता. ज्या बाईला हवं ती हात वर करून गिलकं काढायची. आई मात्र काढायची नाही. आम्ही वाड्यात सगळ्यात नवे भाडेकरू आणि तिचा स्वभावही तसा. "आधी त्यांना घेऊ दे." "काल आपण घेतलं होतं." "परवा बघू." आमच्या दारावर लोंबणारी गिलकी ती रोज बघायची आणि रोज राहू द्यायची. शेवटी ती जून व्हायची, तपकिरी पडायची, हलवली की खुळखुळायची. मग आई ती उतरवायची, साल सोलायची, बिया झटकायची, आतली जाळी काढून धुऊन दोरीवर वाळत घालायची. त्या जाळीनं ती आम्हा तिघा भावंडांच्या पाठी घासायची. सगळ्या वाड्यात आमच्या न्हाणीतल्या खुंटीवर सगळ्यात जास्त जाळ्या असत. मला लहानपणी त्याचा अभिमान वाटायचा. त्या इतक्या का होत्या, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर, भेंडीच्या लवेनं हात खाजत असताना कळलं.

आईनं आयुष्यात गिलक्याची कोवळी भाजी किती वेळा खाल्ली असेल?

तिला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. त्या दिवशी न्हाणीत मी खूप रडले.

त्यानंतरच्या रविवारी मी सगळ्यांसमोर बोलले. झालं ते सांगितलं आणि म्हटलं, आपल्या बागेत कुणी चोरी करत नाही. आपल्या बागेत भाजी जाते ती संकोचानं. वहीची जुनी पानं काढून दाखवली. पाळी असलेल्या माणसानं 'खुडले' या रकान्यात अर्धा किलो, पाव किलो, 'थोडीशी' असं लिहिलेलं, आणि मागच्या शेऱ्यात दर आठवड्याला कुणीतरी 'काही भेंड्या जून झाल्या आहेत' असं लिहिलेलं. सगळ्यांचं वागणं माझ्यासारखंच होतं. जो तो दुसऱ्यासाठी ठेवत होता. ते ऐकून समोरच्या बिल्डिंगमधले निवृत्त काका म्हणाले, "मी तर बायकोला सांगतो, आपण घेतली तर लोक काय म्हणतील." ते सहज बोलले, पण त्यानंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

नियम बदलला. ज्याची पाळी, त्यानं खुडण्याजोगं सगळं खुडायचं. भेंडी एक दिवसाआड, गवार दोन-तीन दिवसांनी, काकडी-गिलकं रोज बघायचं. काही मागे ठेवायचं नाही. मग ओट्यावर वर्तमानपत्र पसरून वाटे घालायचे. जी घरं गावाला गेली असतील त्यांचे वाटे घंटागाडीवरच्या ताईंना, वॉचमनला, ज्या कुणाच्या घरी चूल पेटते त्याला.

कोणता वाटा कुणाला द्यायचा, याची रीत आजींनी शिकवली. त्यांच्या गावी असंच चालायचं म्हणे. एकानं वाटे घालायचे आणि जमेल तेवढे सारखे करायचे. दुसऱ्यानं पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. पहिल्यानं एका वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, "हा कोणाचा?" भिंतीकडे तोंड असलेल्यानं नाव घ्यायचं. बोट कशावर आहे ते त्याला दिसत नाही, नाव कुणाचं येणार ते विचारणाऱ्याला ठाऊक नसतं. भिंतीकडे उभं राहायला लहान मुलांची भांडणं लागतात. मला या रीतीचं फार मोल वाटतं. इथे 'आधी तुम्ही घ्या' म्हणायला जागाच उरत नाही. आपलं नाव आलं की जो वाटा असेल तो उचलायचा.

या नियमानं सगळं सुरळीत झालं, असं मी म्हणणार नाही. उपटण्याच्या बाबतीत अजून अडतं. भेंडीवर हळद्या आला, म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्याधमक पडायला लागल्या की ते झाड वाचत नाही. पांढरी माशी त्याच्यावरून उठून शेजारच्या झाडावर बसते आणि रोग तिथे नेते. दिसल्या दिवशीच उपटायला हवं. पण ज्या मुलीनं ते बी शाळेच्या प्रकल्पासाठी लावलं, रोज उंची मोजून वहीत लिहिली, तिच्या झाडाला हात कोण लावणार? मागच्या वर्षी आम्ही चार दिवस घुटमळलो आणि सात झाडं गेली. या वर्षी मी तिला बोलावलं, पानाची पाठ दाखवली, माशी दाखवली. ती बघत राहिली. मग म्हणाली, "मीच काढते." काढून झाल्यावर मुळांची लांबीही मोजली तिनं.

यंदाच्या मेमध्ये आजींचे गुडघे साफ बसलेत. वाफ्यात उतरता येत नाही. सकाळी मुलगा त्यांना ओट्याशेजारी खुर्चीवर बसवून जातो आणि आम्ही खुडलेलं त्यांच्यापुढे नेऊन ओततो. त्या एकेक भेंडी हातात घेतात, टोकाला अंगठा लावतात. टचकन तुटलं की पाटीत. न तुटणारी बाजूला. आता अशा फारशा निघत नाहीत. परवा दीड किलोमध्ये दोन निघाल्या.

गेल्या रविवारी मुलं कुणी नव्हती, म्हणून भिंतीकडे तोंड करायचं काम आजींनीच घेतलं. आम्ही त्यांची खुर्ची वळवली. मी वाटे घातले. पाच घरं होती, पाच वाटे. गिलकी मोजून सहा, त्यामुळे एका वाट्यात दोन आली, वीतभर लांब, पोपटी, बोटानं दाबलं तर दबतील अशी. मी त्या वाट्यावर बोट ठेवलं.

"हा कोणाचा?"

"तुझा."

माझा हात आपोआप पुढे गेला होता, एक गिलकं उचलून शेजारच्या वाट्यात ठेवायला. आजींची पाठ माझ्याकडे होती, त्यांना काही दिसत नव्हतं. मी हात मागे घेतला. पिशवी उघडली आणि दोन्ही गिलकी आत ठेवली.

घरी येऊन लगेच चिरली. मोहरी, दोन हिरव्या मिरच्या, लसूण, मीठ, वर झाकण, पाणी अजिबात नाही. गिलक्याला आपलंच पाणी इतकं सुटतं की कढईभर घेतलेलं बशीभर होतं. गरम भाकरीबरोबर सकाळी साडेआठलाच जेवायला बसले.

मांडवाच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात एक गिलकं मात्र मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, देठाला लाल दोरा बांधून. त्याला कुणी खुडत नाही. पुढच्या वर्षीचं बी त्यातून घ्यायचं आणि जाळी मला हवी आहे. रोहिणी लागल्या, पश्चिमेकडे ढग जमायला लागलेत, मृगाच्या आत ते वाळलं तर बरं. काल संध्याकाळी दोडक्याची फुलं उमलत असताना मी ते हळूच हलवून पाहिलं. बिया अजून वाजत नाहीत.